सरकारकडून पाचवा हिस्सा

"मास्तर, खर्चाचा पाचवा हिस्सा सरकार परत देतं," गस क्लेमेन्झ म्हणाला. म्हणताना त्यानं हातातला पाना काउंटरवर असा ठेवला, की जणू तो हिस्सा त्याच्याच गल्ल्यातून जाणार होता.

मी त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात फक्त बिजागऱ्या घ्यायला गेलो होतो. बिजागऱ्या घेऊन सरळ घरी आलो असतो तर ही गोष्ट तिथंच संपली असती, आणि माझ्या गुडघ्याचा फोटो सरकारी दप्तरात गेला नसता. पण 'परत' हा शब्दच असा आहे, की तो ऐकून निवृत्त माणूस दारातून मागं फिरतो.

"कुणाला देतं?" मी विचारलं.

"जुनी इमारत घेऊन, तिची नीट दुरुस्ती करून, धंद्याला लावतो त्याला. आपली फ्रंट स्ट्रीटची पेठ वारसा म्हणून नोंदलेली आहे की नाही? झालं तर! टॅक्स भरतोस त्यातून सरळ वजा. माझ्या मेव्हण्याच्या साडूनं केलंय."

ओहायो नदीच्या काठावरच्या आमच्या क्लिफ्टी बेंड गावात मला सगळेच मास्तर म्हणतात. तेहतीस वर्षं मी इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवला आणि मोटार चालवायला शिकवलं. भूगोल कुणाच्या लक्षात राहिला नाही. मोटार सगळ्यांच्या लक्षात आहे, कारण शिकवायच्या मोटारीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असे, आणि तो मी जरा लवकर दाबत असे, असं लोकांचं म्हणणं आहे. मी त्यावर काही बोलत नाही. गावात आज चालत फिरणारी माणसं दिसतात, ती कुणामुळे, एवढंच विचारतो.

तर इमारत. माझ्या बायकोला, मार्लीसला, बेकरी काढायची होती. चर्चच्या शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला तिचे दालचिनीचे रोल मासे तळून व्हायच्या आत संपतात, आणि तिचं पर्सिमनच्या फळांचं पुडिंग खायला लोक नदीपलीकडून, केंटकीतून येतात. म्हणून आम्ही फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची एक दुमजली विटांची इमारत घेतली. अठराशे त्र्याण्णवची. तिच्यात पूर्वी कुंकेल आणि मंडळींचं फर्निचर आणि शवपेट्यांचं दुकान होतं. आमच्या भागात हे दोन्ही धंदे एकाच छपराखाली चालत. लाकूड तेच, सुतार तोच, गिऱ्हाईकही तेच. फक्त दोन खेपांमध्ये चाळीसेक वर्षांचं अंतर.

घरी येऊन मी मार्लीसला म्हणालो, "सोपं आहे." या दोन शब्दांची आठवण ती मला अजूनही करून देते, आणि शक्यतो पाहुण्यांसमोर.

अर्जाचे तीन भाग होते. पहिल्यात इमारत जुनी आणि मोलाची आहे हे सिद्ध करायचं. दुसऱ्यात तिचं काय करणार ते सांगायचं. तिसऱ्यात जे सांगितलं तेच केलं हे दाखवायचं. अर्ज आधी राज्याच्या राजधानीत जाणार, आणि तिथून वॉशिंग्टनला अशा एका खात्याकडे, जे एरवी जंगलं, दऱ्या आणि अस्वलं सांभाळतं. माझ्या बायकोच्या बेकरीचा अस्वलांशी काय संबंध, हे मी गसला विचारलं. गस म्हणाला, "मास्तर, सरकारी काम आहे. संबंध शोधत बसू नकोस, सही कर."

पहिल्या भागाला फोटो लागत होते. आतून, बाहेरून, चारी दिशांनी. प्रत्येक फोटोला क्रमांक, आणि तो कुठं उभं राहून काढला ते नकाशावर बाण काढून दाखवायचं. मी भूगोलाचा माणूस. नकाशा पाहून मला भरून आलं. मी सेहेचाळीस फोटो काढले, सेहेचाळीस बाण काढले, आणि पाकीट टपालात टाकून तीन आठवडे गावातून ताठ मानेनं हिंडलो.

मग राजधानीतून मिस व्हिटलॉक नावाच्या बाईंचं पत्र आलं. पत्र अतिशय सभ्य होतं. 'आपल्या तेविसाव्या छायाचित्रात इमारतीचा नेमका कोणता भाग दिसतो, ते कृपया कळवावे.'

मी तेविसावा फोटो टेबलावर ठेवून पाहिला. काहीतरी गोल होतं, भुरकट होतं, आणि त्याच्यावर एक सुरकुती होती.

"घुमट आहे का कुठं?" मी विचारलं.

"तो तुझा गुडघा आहे," मार्लीस म्हणाली. तिनं नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला हा फोटो हातोहात फिरला. गसचं म्हणणं पडलं, की 'खांब' असं लिहून टाकावं. फादरनी सुचवलं, की खरं बोलावं. मी 'नजरचुकीने' असं लिहून पाठवलं आणि तेविसावा नवा फोटो जोडला. तरीपण पुढचे दोन महिने कुणीही भेटलं की आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण दुसरा भाग आला, आणि त्याच्याबरोबर पत्रा आला.

इमारतीच्या दर्शनी भागावर, जुन्या विटांच्या वरून, कुणीतरी एकोणीसशे एकसष्ट साली फिरोजी रंगाचा ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला होता. उभ्या उभ्या पट्ट्या. वर्षानुवर्षं सगळं गाव त्याच्या नावानं नाक मुरडत आलं होतं. आता जुनी इमारत जुनी दिसावी म्हणून सरकार पैसे देणार, तर पहिलं काम पत्रा काढायचं, यात कुणाला शंका येईल? मला आली नाही. गसला तर मुळीच आली नाही. एका शनिवारी सकाळी तो पहार आणि चार माणसं घेऊन हजर झाला. "नुसतं खाली काय आहे ते बघू," म्हणाला. बघता बघता सहा पट्ट्या निघाल्या. खाली सुंदर कमानी होत्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. लोवेल फेसेल नावाचा शेतकरी रस्त्यानं चालला होता; त्यानं "या टाकूनच देणार ना?" असं विचारलं आणि सहाही पट्ट्या ट्रकमध्ये घालून नेल्या.

मंगळवारी पत्र आलं. मिस व्हिटलॉक लिहीत होत्या, की एकसष्ट सालचा हा पत्रा आता साठ वर्षांचा झाला आहे. त्या काळच्या बाजारपेठेचा तो चांगला नमुना आहे. सबब त्याला 'स्वतःचं असं महत्त्व प्राप्त झालं असून' तो जपावा. शिवाय मंजुरीपूर्वी कोणतंही काम सुरू करू नये, असंही खाली ठळक अक्षरांत होतं.

मी पत्र तीनदा वाचलं. माझा जन्म बासष्टचा. म्हणजे हा पत्रा माझ्याहून एक वर्षानं मोठा. मी मार्लीसला म्हणालो, "बघ, साठी उलटली की महत्त्व प्राप्त होतं."

"तुला जपायला अजून कुणी लेखी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "आधी पट्ट्या आण."

लोवेलकडे गेलो तर त्या पट्ट्या त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर बसल्या होत्या. छप्पर म्हणून. सुबक बसल्या होत्या, हे मान्य केलं पाहिजे.

"मास्तर, आता कशा काढू? कोंबड्यांना रंगाची सवय झालीय."

"तीन दिवसांत?"

"अंडी वाढलीत."

"लोवेल, तो ऐतिहासिक पत्रा आहे."

तो हळूच म्हणाला, "शाळेत तुम्हीच म्हणायचात हो, इतिहास आणि भूगोल वेगळे विषय आहेत." शेवटी गसनं त्याच्या खुराड्यावर नवं छप्पर घालून द्यायचं कबूल केलं, तेव्हा पट्ट्या सुटल्या. त्या धुवायला मला दोन दिवस लागले. कोंबड्यांनीही त्यांना स्वतःचं असं महत्त्व दिलं होतं.

आता खरी अडचण. दुकानाच्या मागच्या अंगाला एक लिफ्ट होती. लाकडी फळ्यांचा एक पाट, चार दोरखंड आणि वर एक मोठं चाक. दोर ओढला की वर-खाली होणारी. तळघरात शवपेट्या तयार होत आणि या लिफ्टनं वर दुकानात येत. मार्लीसला नेमकी तिथंच भट्टी हवी होती. मी अर्जात एक ओळ लिहिली: 'निरुपयोगी लिफ्ट काढून टाकणे.' उत्तर आलं, की सदर लिफ्ट ही इमारतीचं व्यक्तिमत्त्व ठरवणारी बाब असून ती जागच्या जागी आणि दिसेल अशी ठेवावी.

मार्लीसनं ते पत्र वाचलं आणि एप्रन काढून खुर्चीवर टाकला. एप्रन निघाला की मी सावध होतो.

"दिसेल अशी?" ती म्हणाली. "माणसं सकाळी कॉफी आणि रोल घेऊन बसणार, आणि समोर काय बघणार? मढ्यांची लिफ्ट?"

"रिकाम्या पेट्या यायच्या गं. मढी नाही."

"हे मी प्रत्येक रोलबरोबर सांगू का? 'घाबरू नका, रिकाम्या होत्या'?"

गावानं सल्ला द्यायला सुरुवात केली. कुणी म्हणालं पडदा लावा. कुणी म्हणालं तिच्यात कुंड्या ठेवा. गस म्हणाला, कुणी विचारलंच तर 'पियानोची लिफ्ट' म्हणून सांगा. मार्लीस मात्र गप्प झाली होती. एका संध्याकाळी भांडी पुसताना ती म्हणाली, "वेंडेल, मला तुझा तो पाचवा हिस्सा नको. मला फक्त भट्टी ठेवायला जागा दे. नाहीतर राहू दे सगळंच. मी चर्चच्या स्वयंपाकघरातच करत जाईन."

हे तिनं चिडून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी दुसऱ्याच दिवशी राजधानीला फोन केला आणि मिस व्हिटलॉकना म्हणालो, की आपण स्वतः येऊन बघा. लिफ्ट धोकादायक आहे हे मी त्यांना डोळ्यांनी दाखवणार होतो.

पत्रांवरून मी एक चष्मेवाल्या, कडक आजी गृहीत धरल्या होत्या. आली ती तिशीची, चिखलाचे बूट घातलेली, हातात बॅटरी घेतलेली मुलगी. आल्या आल्या ती जमिनीवर पालथी झाली आणि फटीतून तुळया बघू लागली. "वा!" ती म्हणाली. मग उठून जिन्याचा कठडा बघितला. "वा वा!" मग लिफ्ट दिसली. त्यावर ती काहीच बोलली नाही. देवळात माणूस बोलत नाही, तशी.

"धोकादायक आहे," मी म्हणालो. "बघाच तुम्ही."

आणि मी लिफ्टवर उभा राहिलो आणि दोर ओढला. लिफ्ट सुरेख खाली गेली. इतकी सुरेख, की माझा मुद्दाच निसटायला लागला. पण अर्ध्यावर काहीतरी 'कट्' झालं, आणि ती थांबली. माझं डोकं दुकानाच्या जमिनीच्या पातळीला होतं. मला चार बूट दिसत होते. दोन चिखलाचे, दोन मार्लीसचे.

"बघितलंत?" मी विजयानं ओरडलो. "धोकादायक!"

"चाक मूळचंच आहे," चिखलाचे बूट म्हणाले. "विलक्षण आहे हे. बाईसाहेब, तुमची अडचण नेमकी काय आहे?"

मी सांगू लागलो. पण माझा आवाज तळघरात जात असावा, कारण कुणी लक्ष दिलं नाही. मार्लीसचे बूट जरा पुढं आले.

"मला पहाटे चारला पीठ मळायचं असतं," ती म्हणाली. "पन्नास पौंडांची पोती. ती मी कुठं ठेवू, भट्टी कुठं लावू, गिऱ्हाईक कुठं बसवू? आणि या गोष्टीकडे बघत कुणी खाईल का हो?"

"पोती तळघरात ठेवली तर? आणि त्यांना वर आणायला..."

चारही बूट माझ्याकडे वळले. माझ्याकडे म्हणजे लिफ्टकडे.

"माझी कंबर वाचेल," मार्लीस हळूच म्हणाली.

"दोरखंड नवे घालायला हरकत नाही. भट्टी पलीकडच्या भिंतीला सरकवा, ती भिंत नंतरची आहे. आणि लिफ्ट रोज पीठ वर आणताना लोकांना दिसली, तर ती पिठाची लिफ्ट होईल."

"आणि पत्रा?" मी खालून विचारलं.

"फिरोजी रंग माझ्या रोलच्या खोक्यांना चालेल," मार्लीस म्हणाली, अर्थात मला नाही. "पुडिंग खाणार का तुम्ही?"

जो प्रश्न मी पाच महिने आणि चौदा पत्रांत सोडवत होतो, तो या दोघींनी दहा मिनिटांत सोडवला आणि त्या पुडिंग खायला बसल्या. माझी आठवण राहिली नव्हती असं नाही. थोड्या वेळानं मार्लीस आली आणि माझ्या नाकासमोर, जमिनीच्या कडेला, एक बशी आणि चमचा ठेवून गेली. चाळीस मिनिटांनी गसनं मोटारीचा जॅक लावून मला वर काढलं. तोवर बाई राजधानीला निघाल्यासुद्धा होत्या. महिन्याभरात दुसरा भाग मंजूर झाला.

ऑक्टोबरात नवं छप्पर घातलं, आणि पुढची दोन वर्षं आम्ही ती इमारत मनापासून सावरली. 'आम्ही' म्हणजे सारं गाव. गसनं खिडक्यांच्या जुन्या चौकटी घासल्या. लोवेलनं, बहुधा कोंबड्यांच्या वतीनं, जिना दुरुस्त केला. शाळेचा निवृत्त इलेक्ट्रिशियन येऊन वायरिंगला मदत करून गेला. कुणी एक डॉलर घेतला नाही; मार्लीसनं दुपारी काहीतरी गरम ठेवलं की काम चालू. मीही रोज तिथं असे. किती पैसे वाचवले हे मी भेटेल त्याला सांगत असे. अगदी त्याच बढाईच्या भरात मी एकोणीस ऑक्टोबरला आमच्या गावची हिशेबनीस डोरीन पॅपे हिच्याकडे गेलो.

डोरीन माझी विद्यार्थिनी. तिनं सगळे कागद बघितले, चष्मा काढला आणि म्हणाली, "सर, तुम्ही मला गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास केलं होतंत."

"तू थांबायच्या पाटीला थांबत नव्हतीस."

"आज मी तुम्हाला करतेय. तुम्ही पुरेसा खर्च केलेला नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिनं शांतपणे समजावलं. इमारत एकतीस हजारांना घेतली. सवलत मिळायला दुरुस्तीचा खर्च चोवीस महिन्यांत त्याहून जास्त व्हावा लागतो. तो झाला होता सत्तावीस हजार शंभर. आणि चोवीस महिने, छपराच्या बिलापासून मोजले तर, या महिन्याअखेर संपत होते.

"पण दुरुस्ती तर पूर्ण झाली!"

"झाली. पण फुकट झाली. शेजाऱ्यांची मेहनत खर्चात धरत नाहीत. तुमचीही नाही. भट्टी, टेबलं, खुर्च्या, पाटी, काही धरत नाहीत."

"म्हणजे मी जितके पैसे वाचवले..."

"तितके तुम्ही सवलतीपासून लांब गेलात. बारा दिवस आहेत, सर. एकोणचाळीसशेच्या वर खर्च करा."

आयुष्यभर मी काटकसर केली. जुनी पाकिटं उलटी करून वापरली. आणि आता मला सरकारचे पैसे मिळवण्यासाठी माझे उधळायचे होते. मी तिथून उठलो तो सरळ गसकडे गेलो आणि त्याला मेहनतीचे पैसे घेशील का, असं विचारलं.

गसचा चेहरा लाल झाला. "मास्तर, वीस वर्षं चर्चमध्ये तुझ्या शेजारी बसतोय मी. पैसे देतोस?"

"तुझ्यासाठी नाही रे, माझ्यासाठी घे!"

"मग तर मुळीच नाही!" आणि त्यानं दुकानाच्या दारावरची 'बंद' ही पाटी फिरवली. दुपारी दोन वाजता.

अर्जात एक काम राहिलं होतं. मागच्या भिंतीच्या विटांमधल्या दरजा जुन्या पद्धतीच्या चुन्यानं भरायच्या, असं मी लिहून दिलं होतं. मग "मागची भिंत कोण बघतंय?" असं गस म्हणाला, म्हणून ते लांबणीवर टाकलं होतं. असलं काम करणारा आमच्या बाजूला कुणी नव्हता. पुलापलीकडे केंटकीत अँब्रोस टॅकेट नावाचा म्हातारा गवंडी होता. तो आला. भिंतीवरून त्यानं हात फिरवला, चुना चाखून बघितला आणि म्हणाला, "सव्वीसशे."

"एवढंच?" मी विचारलं.

त्यानं टोपी मागं सारली. "जास्त वाटतात होय?"

"कमी वाटतात. पुन्हा एकदा बघा ना. चार हजारांचं काम नाही का हे?"

"नाही."

"घाई आहे. घाईचे जास्त घ्या."

"घाईत मी काम करत नाही. पोरं घेऊन येतो, आठ दिवसांत होईल. सव्वीसशे." तो आता माझ्यापासून दोन पावलं लांब उभा होता. मार्लीसकडे वळून त्यानं आवाज उतरवला. "बाई, साहेबांना बरं नाही का?"

"दोन वर्षं झाली," मार्लीस म्हणाली. "तुम्ही धुराड्याकडे बघा."

धुराडं वाईट होतं. नऊशे. मी एकेक भिंत दाखवत त्याला सगळी इमारत फिरवली, प्रत्येक विटेकडे बोट दाखवून "ही हलतेय का?" असं विचारलं. बहुतेक विटा हलत नव्हत्या. म्हातारा इतका प्रामाणिक निघाला, की मला त्याचा राग यायला लागला. शेवटी गल्लीच्या बाजूला, पन्हळीखाली, एक उभा पट्टा सापडला, जिथं दरजा खरोखरच पिठासारख्या झडत होत्या. मी तिथं बोट घातलं आणि आनंदानं ओरडलो. सहाशे बारा.

तीस ऑक्टोबरला काम संपलं, एकतीसला मी पैसे दिले. एकूण एकतीस हजार दोनशे बारा. सीमा ओलांडली होती. अँब्रोसनं चेक घडी करून खिशात ठेवला आणि जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "काळजी घ्या हो."

वसंतात बेकरी उघडली. पहिल्या आठवड्यात रोल नऊ वाजताच संपत होते. गस तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला, दोन रोल मागितले, पैसे द्यायला लागला, मार्लीसनं घेतले नाहीत, आणि मग तो माझ्याशी बोलायला लागला.

मे महिन्यात वॉशिंग्टनहून पत्र आलं. त्यात असं वाक्य होतं, की पूर्ण झालेलं काम इमारतीच्या ऐतिहासिक स्वरूपाशी विसंगत नसल्याचं आढळून न येण्याचं कारण दिसत नाही, किंवा याच्या जवळपासचं काहीतरी. मी ते चार वेळा वाचलं आणि खुर्चीत बसलो. डोरीनला फोन करून अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं.

"सर," ती म्हणाली, "पास झालात."

त्या संध्याकाळी बेकरी बंद झाल्यावर मी एका खोक्याच्या झाकणावर हिशेब मांडला. सरकारचा पाचवा हिस्सा: सहा हजार दोनशे बेचाळीस. तोही पाच वर्षांत मिळून. सुरुवातीला, म्हणजे गसच्या दुकानात जायच्या आधी, आम्ही पत्रा काढून, लिफ्ट भंगारात टाकून, प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवून सगळं अठरा हजारांत उरकणार होतो. मी वजाबाकी केली. मग ती उलटी करून पाहिली. उत्तर तेच येत होतं.

"मार्लीस," मी म्हणालो, "सवलत मिळवायला आपल्याला सात हजार जास्त पडले."

ती ट्रे पुसत होती. "सहा हजार नऊशे सत्तर," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"गेल्या ऑगस्टमध्येच डोरीननं सांगितलं होतं. साधारण असंच होणार म्हणाली."

"आणि तू बोलली नाहीस? मी त्या गवंड्याच्या हातापाया पडत होतो तेव्हासुद्धा?"

तिनं ट्रे ठेवला. "शाळा सुटल्यानंतरचे सात महिने आठवतात तुला? सकाळी दहापर्यंत अंगावरचा झोपेचा शर्ट. खिडकीत बसून टपालवाल्याची वाट बघायचास. टपाल आलं की उद्याच्या टपालाची. मी काही विचारलं की 'हं' म्हणायचास. मग हा अर्ज आला, आणि तू सहाला उठायला लागलास. लोकांशी भांडलास. छपरावर चढलास. त्या बाईंच्या पत्रांवर चिडून जेवताना बोलत सुटायचास." ती पुन्हा ट्रे पुसू लागली. "शहरातल्या डॉक्टरकडे नेलं असतं तर सात हजारांत पहिली भेटसुद्धा झाली नसती."

आपला सन्मान झाला की आपल्याला फसवलं गेलं, हे मला काही ठरवता येईना. दोन्ही बाजूंना बरेच पुरावे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाग आली. कुणाला पत्र लिहायचं नव्हतं, काही सिद्ध करायचं नव्हतं. तरी उठलो, कपडे केले आणि बेकरीत गेलो. मार्लीस पिठाच्या धुरळ्यात उभी होती. माझ्याकडे न बघता तिनं सफरचंदांची टोपली पायानं माझ्याकडे सरकवली आणि सुरी पुढं केली.

"किती सोलायची?" मी विचारलं. "आणि फोडी केवढ्या? जाड की पातळ? साल सगळी काढायची की थोडी ठेवायची?"

"तुझ्या मनानं कर," ती म्हणाली.

हे मात्र कुठल्याच अर्जात लिहिलेलं नव्हतं. मी टोपलीतलं पहिलं सफरचंद उचललं, चारी बाजूंनी फिरवून पाहिलं, आणि कुठून सुरुवात करावी हे कळेना.